आईने आज चौकात उभं राहून गोळा खाल्ला

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर बातमी पोचायच्या आत मीच लिहितेय.

बाबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. आज आईला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प पाचला अस्तराचं कापड घ्यायला गेले होते. येताना गोळ्याच्या गाड्या लागतात तो चौक लागला. बर्फ किसल्याचा आवाज आला आणि आई थांबलीच.

मी म्हटलं, "डिशमध्ये घे, चमच्याने खा."

"काडीवरचाच हवा. आणि ग्लासात काला खट्टा भरून."

तिने गोळा ग्लासात बुडवला आणि मस्त आवाज करून चोखला. तेवढ्यात समोर आमच्याच हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगमधल्या एक ताई.

"काकू, अजून वर्षसुद्धा नाही झालं. लोक बघतायत."

आईने आधी रिकामा ग्लास गाडीवाल्यापुढे धरला. "भैया, थोडा और डालो." मग ताईंकडे वळली.

"यांना शुगर होती, म्हणून इतकी वर्षं मी गोळ्याला हात लावला नाही. ते यांच्यासाठी सोडलं होतं. आता कोणासाठी सोडू, तुझ्यासाठी?"

ताई गेल्या. मी रुमाल पुढे केला, तर आई म्हणाली, "पुसायचं नाही. आधी फोटो काढ."

नवरा गेल्यावर बाईने काय खायचं, हे तुमच्याकडे कोण ठरवतं? खरंच सांगा.

आणि ताई, ग्रुपवर टाकणारच असाल तर खालचा फोटो टाका. जीभ पूर्ण जांभळी दिसतेय. आईने स्वतः निवडलाय.