गाजरगवताचं कारस्थान

रानात जा, कुदळीनं माती काढा, पोत्यात भरा आणि काहीही न पेरता परत या. किस्से आपोआप गोळा होतात की नाही बघा! सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात बॉटनीत पीएच.डी. करत होतो, तेव्हा आमचा उद्योग बहुतेक वेळा एवढाच होता. लोकांना आमचा संशय, सरांना लोकांचा संशय, आणि मला माझ्या पीएच.डी.चा!

सर म्हणजे माझे गाइड. त्यांचा राग गाजरगवतावर. "हे परदेशी गवत आपल्या गवताला नुसतं वरून दाबत नाही," ते सांगायचे. "आपल्या गवताच्या मुळांना मातीतली बुरशी जेवण पुरवते. हा चोर त्या बुरशीलाच फितवतो!"

बुरशी मदत करते, हे पचायला मला सहा महिने लागले. आमच्या घरी बुरशी दिसली की आई लोणच्याची अख्खी बरणी उकिरड्यावर ओतायची.

एकदा सर आणि मी सायकलवरून निघालो होतो. थिसिसमधली एक भानगड मी त्यांना सांगत होतो. रस्त्याकडेला गाजरगवत माजलेलं. सरांनी तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "इथं नको. जरा पुढं जाऊन बोलू."

आईशप्पथ, ते हसत नव्हते!

*

आमचा प्रयोग बिद्रीच्या अलीकडच्या एका गावात चालला होता. तिथून माती एस.टी.नं आणायची. एकदा कंडक्टरनं पोत्याला लाथ मारून बघितली.

"काय हाय ह्यात?"

"माती."

"पावणं, खरं सांगा."

"खरंच माती आहे हो!"

त्यानं भरल्या गाडीत तिन्ही पोती सोडायला लावली. कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. आता तरी समाधान व्हावं की नाही? गडी उलट जास्तच भडकला.

"आयला, नुसती मातीच हाय! मग न्हेताय कशाला?"

याला उत्तर काय द्यायचं? गाजरगवत आणि बुरशीचं संगनमत त्याला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि आम्हाला ड्रायव्हरच्या मागं, त्याच्या नजरेसमोर बसवलं.

*

डिपार्टमेंटला गफूरभाई नावाचे लॅब अटेंडंट होते. बुरशी मारण्यासाठी निम्मी माती आम्ही वाफेवर उकडायचो, ते काम त्यांचं. काम झालं की दारातून हाक यायची, "सर, माती शिजली. वाढू का?"

या मातीत गवत लावलेल्या कुंड्यांच्या खोलीत बाहेरची माती यायला नको, म्हणून सरांचा हुकूम होता, चप्पल बाहेर आणि पाय धुऊन आत. एक दिवस प्रिन्सिपॉल अचानक तपासणीला आले. गफूरभाई दारात आडवे.

"साहेब, बूट काढा."

"अहो, मी प्रिन्सिपॉल आहे!"

"तुमच्यावर भरवसा हाय साहेब. बुटावर न्हाई."

प्रिन्सिपॉलनी बूट काढले, मोजे काढले, निमूट पाय धुतले. आत आले, हात जोडले आणि कुंड्यांकडं बघत विचारलं, "देव कुठाय?"

*

आता आबांचं सांगतो.

ज्यांच्या कुरणात आमचा प्रयोग होता ते हे आबा. चार म्हशी आणि एवढं एकच कुरण. पूर्वी तिथं कमरेइतका पवना, म्हणजे आपलं गावठी गवत, वाढायचा. मग गाजरगवत घुसलं. म्हशी उपाशीपोटी त्याला तोंड लावायच्या आणि दूध कडू व्हायचं. कडू दूध कोण घेणार? "तीन वर्षं द्या आबा, पवना परत आणतो," असा शब्द सरांनी दिला होता.

आम्ही गाजरगवत उपटलं, पवना पेरला. वीस ठिकाणी खुंट्या ठोकल्या आणि दर दोन महिन्यांनी प्रत्येक खुंटीजवळून घमेलंभर माती न्यायला लागलो. पवना उगवायचा, वीतभर व्हायचा आणि पिवळा पडायचा. दोन पावसाळे असेच गेले. आबा बांधावर बसून आमच्या पोत्यांकडं टक लावून बघायचे. मला त्यांच्याकडं बघायची लाज वाटायची.

तिसऱ्या पावसाळ्यात गेलो तर म्हणाले, "शुक्कारी दोन म्हशी बाजारात उभ्या करतोय. तुमचं चालू द्या."

मान खाली घालून कुरणात शिरलो आणि थांबलोच. सगळं रान पिवळं, पण प्रत्येक खुंटीजवळ घमेल्याएवढ्या गोलात पवना! हिरवागार, गुडघ्याला लागणारा!

"घुसखोरी!" सर ओरडले. "कुणीतरी खत घातलंय! आपला प्रयोग बुडवायला आलंय कोणीतरी!"

मी एक ठोंब उपटला. मुळाशी माती काळी. आबांचं रान तर तांबडं! आम्ही दोघंही आबांकडं वळलो.

"बघताय काय?" आबा म्हणाले. "तुमी खड्डं करून जाताय. म्हशीचा पाय गेला म्हंजी? औंदा पावसाच्या तोंडाला मीच भरलं."

"पण ही माती कुठली?"

"म्हसोबाच्या माळावरची."

त्या माळावर देवाच्या भीतीनं कोणी जनावर सोडत नसे. गाजरगवत तिथं पोचलंच नव्हतं, म्हणजे तिथली बुरशीही फितलेली नव्हती. पवना मात्र मांडीइतका.

"आपल्याच रानातली का नाही घातली?"

"घ्या! हितली काढून हितंच घातली तर दुसरीकडं खड्डा पडंल की!"

सरांनी पुढं होऊन आबांचे दोन्ही हात धरले. "म्हशी विकू नका आबा. टोपल्या काढा. सगळ्या कुरणात तीच माती टाकू या." आणि मग आवाज चढला, "अहो, पण तीन वर्षांत एकदा तरी त्या माळाचं सांगायचं होतं की!"

आबांनी हात सोडवून घेतले.

"मला कवा इचारलासा? तीन वरसं मातीलाच इचारत हुतासा की!"