पुढच्या चेनचं तेल

"झालं का, अण्णा?"

सायकल अजून अक्कांच्याच हातात असायची. दुकानाच्या पायरीशी पुढचं चाक उचललेलं, तळव्यानं गरकन फिरवलेलं, कान चाकाकडं लावलेला, आणि वर हा प्रश्न. मी पाना हातात घेतलेला नाही, चहाचा कप खाली ठेवलेला नाही, आणि म्हणे झालं का! तुम्हीच सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

"अवो अक्का, आधी सायकल तरी द्या हिकडं!"

"घ्या की. पर लवकर हुईल न्हवं?"

उचगावच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान आहे. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची बघितली, पण असं पायाला भिंगरी लावलेलं माणूस दुसरं बघितलं नाही. एका लॅबसाठी त्या घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायच्या. उजाडल्यापासून गावभर सायकल. स्टुलावर बसा म्हटलं तर बसायच्या, आणि मी पाठ वळवतो तोवर उठलेल्या असायच्या. मग माझे पाने लहानमोठे लावून ठेवायच्या, शेजारच्या पानपट्टीवाल्याला त्याचं बीपी विचारून यायच्या, आणि परत आल्या की माझ्या हाताकडं टक लावून म्हणायच्या, "अण्णा, शीर कसली भारी हाय तुमची! पयल्या टोचणीतच रक्त."

"माझं रक्त तुम्ही न टोचताच पिताय," मी म्हणायचो. त्या हसायच्या, पण हसतानाही एक पाय हलतच असायचा.

सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरची. पण तिच्यात एक भानगड होती. पायडल मारलं की मागचं चाक तर ओढायचंच, पुढचंही ओढायचं. मागच्या चाकाकडून एक चेन दांड्याला धरून हँडलपर्यंत यायची, तिथं एक सांधा, आणि तिथून आणखी एक चेन खाली पुढच्या चाकावर. चिखलात मागचं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं तरी पुढचं चाक सायकल ओढून काढायचं. चढाला बेस्ट. सांभाळायला मात्र निव्वळ वैताग. सांधा कोरडा पडला की करकरतो, चेन सैल पडली की उडते, घट्ट केली की पाय भरून येतात. पन्हाळ्याच्या घाटात सायकल मारणाऱ्या एका हौशी माणसानं ती घेतली होती. तो कंटाळला आणि त्याच्याकडून ती यांच्याकडं आली.

"रक्त गोळा करायला दोन्ही चाकं कशाला वो ओढायला पायजेत?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"आय हाय की वर," त्या म्हणाल्या.

वर म्हणजे चंदगडच्या पार आत. एसटी सोडते तिथून पुढं लाल मातीचा उभा चढ, चढ संपला की मोजकी घरं, आणि त्यातल्या एका घरात त्यांची आई एकटी. काजूची थोडी झाडं आणि एक शेळी. कोल्हापूरला चल म्हटलं की म्हातारी म्हणायची, "तुज्या खोलीत मी काय भिताडाकडं बघत बसू?" पावसात त्या चढावर मोटारसायकल आडवी होते. चालत जावं तर आईजवळ घटकाभर बसतोय तोवर परतीच्या गाडीची वेळ. म्हणून दर आठवड्याला कंडक्टरशी वाद घालून सायकल एसटीच्या टपावर चढवायची, आणि उतरलं की चढ गाठायचा. आईपर्यंत पोचायचं आणि तिच्यापाशी जरा जास्त वेळ बसायचं, एवढ्याच साठी ही सगळी धावपळ होती.

एकदा पावसाळ्यात मी पुढचं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, उघडलं तर आत काळाकुट्ट चिकटा. चेनच्या कड्या अवघडलेल्या, एकही नीट वळेना. चिखल समजून मी बोटांनी खरवडलं. दुसऱ्या दिवशी बोटांवर हे टपोरे फोड! त्या आल्या तेव्हा मी हात त्यांच्या नाकासमोर धरला.

"ह्यात काय घातलंय काय तुम्ही?"

त्यांनी फोड नीट निरखून बघितले. मग मान खाली घालून म्हणाल्या, "काजूचं तेल."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. काजूच्या टरफलातून एक काळं तेल निघतं. तिकडं ते दाराला आणि वाशांना लावतात. वाळवी येत नाही, पाणी मुरत नाही. लाकडाला एक नंबर. कातडीला लागलं तर भाजतं, आणि वाळलं की डांबरासारखं घट्ट बसतं. चेनला घालायची चीज आहे का हो ती?

"कुणाचं डोकं हे?"

"आयचं."

लेक जेवून जरा आडवी झाली, की म्हातारी वाटीत तेल आणि कोंबडीचं पीस घेऊन सायकलीपाशी बसायची. तेल फक्त पुढच्या चेनला आणि पुढच्या चाकाला. चढावर पुढचं चाक आधी जातं, त्याला कष्ट जास्त, असं तिचं म्हणणं.

"मग सांगा की तिला, नगं घालू म्हणून!"

"सांगितलं हुतं."

"मग?"

"गप बसली. दिसभर बोलली न्हाय. अण्णा, तिच्याकडं मला द्यायला दुसरं काय हाय वो? घालू दे तिला. तुम्ही काढा."

म्हणजे बघा. आई घालणार, लेक घेऊन येणार आणि मी काढत बसणार. वर 'झालं का' आहेच. मी चांगला तासभर चिडलो आणि मग कामाला लागलो. त्यांनी आपल्या पिशवीतले पातळ हातमोजे मला दिले. पुढचं चाक काढायचं, चेन आणि फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवायचं, ब्रशनं घासायचं, एकेक कडी वळवून मोकळी करायची, पुसून पातळ तेल द्यायचं आणि चेनचा ताण बघून चाक परत बसवायचं. कड्या मोकळ्या करायला त्याही बसायच्या. तेवढ्या वेळात मात्र त्यांचा पाय हलायचा नाही.

एकदा मी चेनच्या तेलाची बाटलीच दिली. म्हटलं, आयला सांगा, मिस्त्रीनं पाठवलंय, हेच घाल. पुढच्या आठवड्यात सायकल आली ती काळीच.

"बाटलीचं काय झालं?"

"गुडघ्याला चोळलं तिनं. लई बरं वाटलं म्हणती. आनि एक द्या म्हणून सांगितलंय."

माझा राग कुठल्या कुठं गेला. पोट धरून हसलो मी, खरंच.

गेल्या पावसात, आठवड्याच्या मध्यावर, भर दुपारी त्या धावत आल्या. सायकल माझ्या दुकानात होती, स्टँडला लावलेली, पुढचं चाक अजून उघडायचं होतं. बाईंचा चेहरा बघूनच मी उठलो.

"शेजारणीचा फोन आलता. आयची छाती भरलीया, श्वास लागतोय. द्या सायकल."

"अक्का, पुढची चेन कडक झालीया. जरा दम धरा, मोकळी करून देतो."

"गाडी जाईल माझी."

"मग चालत जावा वर! न्हायतर थांबा, पुढची चेन तरी काढून टाकतो. अडकंल ती!"

मी हँडल धरलं. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, चांगली जोरात मारली, आणि सायकल ओढून रस्त्याला लागल्या. मी भररस्त्यात उभा राहून ओरडलो, "अवो, ऐका की जरा!" त्यांनी ऐकलं नाही. मग मी कुणाकुणावर विनाकारण खेकसत दिवस काढला.

आईचा जलदान विधी उरकल्यावर त्या सायकल घेऊन आल्या. पावसानं उघडीप दिली होती. तेव्हा मला सगळं समजलं.

अर्ध्या चढावर चेन दातांवरून उतरली आणि चाकात अडकली. पुढचं चाक ठप्प. "हातानं ओढली अण्णा, दगडानं ठोकली. निघंना. ती काढण्यातच येळ गेला बघा. सायकल टाकून पळावं, एवढं साधं सुचलं न्हाय मला." शेवटी सायकल झुडपात टाकून त्या धावत वर गेल्या. आई नुकतीच गेली होती. हात अजून गरम होता म्हणाल्या. उशाशी शेजारीण बसलेली. तिनं सांगितलं, म्हातारी सकाळपासून एकच बोलत होती, लेक यायलीया, चाकाला तेल काढून ठेव.

त्या बाईसाठी जीव तुटला माझा, आणि त्या म्हातारीसाठीही. त्या म्हणाल्या, "आयचं चुकलं म्हनू नका हं, अण्णा."

"न्हाय वो, अक्का. कसं म्हणीन?"

"पुढची चेन काढून द्या. आता मागच्या चाकावर चालंल."

मी हातमोजे घातले आणि चेन काढली. वरून वाळलेली, आतून अजून चिकट. त्या दिवसानंतर त्या दुकानाकडं फिरकल्या नाहीत. लॅबचं काम सोडलं असं पानपट्टीवाला सांगतो, पण कुठं गेल्या ते त्यालाही माहीत नाही. मला शेवटच्या दिसल्या त्या तेव्हाच, पायरीशी उभ्या, हात पुढं केलेला.

"थांबा, कागदात गुंडाळून देतो."

"नगं. तशीच द्या."

"आतनं ओली हाय, अक्का. हात भाजंल."

त्यांनी चेन माझ्या हातातून घेतली आणि उघड्या हातानंच मुठीत घट्ट धरली.

"भाजू दे की, अण्णा."