बांधलेली दांडी

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकते, अक्षरही गिचमिड. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने सांभाळून घ्यावे.

साठ-एकसष्ट साल असेल. आर्णीजवळच्या आरागिरणीत आम्ही संत्र्याच्या पेट्या बनवायचो. मालकाने खिळे मारायचे जुने यंत्र आणले होते. उजव्या हाताने दांडी ओढून धरायची आणि पायाने पायटा दाबायचा, तेव्हाच खिळा पडायचा. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी बजावले, "दांडीवर हात अडकला, की तो खिळ्याखाली जात नाही. म्हणून दांडी आणि पायटा असे दोन ठेवले."

यंत्रावर माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बसायचे. मी फळ्या लावून द्यायची. पैसे पेटीमागे मिळत. एका सकाळी त्यांनी दांडी सुतळीने ओढून बांधून टाकली. दोन्ही हात मोकळे झाले, नुसत्या पायावर खिळे पडू लागले, पेट्या दीडपट निघू लागल्या.

भासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नाही. मी पदर पुढे ओढला आणि फळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "मिस्त्री म्हणत होते, दांडी बांधू नये."

तेही फळ्यांकडेच बघून हसले. "सांगा त्या फळ्यांले, मिस्त्री महिन्याचा पगार घेते. आमाले पेटीमागं भेटते."

मी पुढची फळी लावली. नवरा बाहेर बैलबंडी भरत होता. त्याला जाऊन सांगता आले असते. नाही सांगितले. चहाड्या करते म्हणतील, असे वाटले.

दुपारी एक फळी सरकली. ती धरायला भासरे वाकले, तसा पायट्यावर भार पडला. खिळा तळहातातून फळीत गेला. मी ओरडले ते थेट त्यांना, "भाऊजी, पाय काढा!" पण त्यांचा पाय आखडला होता. दुसरा खिळाही पडला.

यवतमाळला नेले. हात सुजला, पिकला, शेवटी दोन बोटे कापावी लागली. उरलेली वळेनात. दवाखान्याला लागले ते मालकाने उचल म्हणून दिले.

यंत्रावर मग मी बसले. आधी विळ्याने सुतळी कापली. पेट्या कमी निघत, मालक कुरकुर करी. भासरे घरी ओसरीवर बसून असायचे. माझ्याकडे बघत नसत, मीही नाही.

दोन हंगाम माझ्या मजुरीतून कापून कापून उचल फिटली. मालकाने माझ्यासमोर हिशेबाच्या वहीतल्या भासऱ्यांच्या नावावर रेघ मारली.