यादीतून गेलेलं नाव

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मी अकरा वर्षं वेल्डिंग केलं. डोळे जातील अशी भीती होती, पण गावच्या मतदार यादीतलं नाव जाईल असं कधी मनातही आलं नाही. ते गेलं खरं बोलल्यामुळे, आणि त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

झालं असं. लोकसभेच्या आधी निवडणुकीचा माणूस घरोघर यादी तपासत आला. आईने सरळ सांगितलं, मुलगा ओमानला असतो, दोन वर्षांनी येतो. त्याने नावावर काट मारली. तिकडे माझ्या खोलीत राहणारा गाववाला पक्का. त्याच्या घरच्यांनी ‘मुंबईत गेलाय, येईल उद्या’ म्हणून सांगितलं होतं. त्याचं नाव राहिलं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळा अर्ज असतो, मत मात्र गावी येऊनच द्यायचं. मी अर्ज भरला, पासपोर्टची प्रत जोडली, अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, विनवण्या करून सुट्टी मिळवली. अर्ज नामंजूर झालाय हे गावी पोचल्यावर कळलं.

तडक तहसील कचेरी गाठली. कारकून म्हणाला, "पासपोर्टवर गावचा पत्ता कुठाय?"

बघतो तर खरंच नव्हता. सोहारला पासपोर्ट नवा करताना कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कागदपत्रं फिरवणाऱ्या माणसाने, आम्हा सगळ्यांचे फॉर्म एका बैठकीत भरले होते. गावच्या पत्त्याला पोलीस चौकशीत महिने जातात, म्हणून सगळ्यांचा पत्ता एकच, कंपनीचा कॅम्प. "यल्ला, जल्दी साइन करो," म्हणाला. आम्ही मान खाली घालून केली.

"साहेब, घर इथं, घरपट्टी माझ्या नावावर, आई इथं. मग मी कुठला?"

"पासपोर्टप्रमाणे सोहारचे."

"तिथं मला कोण मत देऊ देणार?"

"ते मी कसं सांगू? पासपोर्ट बदलून आणा. पुढच्या वेळी बघू."

अंगाची लाही लाही झाली. ज्यांच्या तेराव्याला मी जेवलो होतो असे दोघे यादीत अजून ठणठणीत होते. त्यांच्याकडे कोणी पासपोर्ट मागितला नव्हता.

मतदानाच्या दिवशी आईला शाळेत घेऊन गेलो आणि बाहेर उभा राहिलो. गाववालाही सुट्टीवर आला होता. जुनं कार्ड दाखवून मत देऊन आला आणि शाईचं बोट माझ्यासमोर नाचवत म्हणाला, "तुला कोनी सांगितलेला खऱ्याच्या नादाला लागायला?"

 परतताना आई म्हणाली, "मी बोलले म्हून ना रं?"

"नाय गो. तुझा काय दोष?"

तिला ते पटलं नाही. वहाळ ओलांडल्यावर थांबली आणि म्हणाली, "फुडल्या टायमाला कोन इचारायला आला, तर सांगन, पोरगा बाजारात गेलाय. आता येल." दोन पावलं गेल्यावर तेच पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. सत्तरीची माझी आई खोटं बोलायचा सराव करत घरापर्यंत आली.