शॉकप गेलेत हे कळलं तेव्हा

माझा स्वभाव तापट. गाडीत कुणी खोट काढली की अंगावर घेतो. म्हणून त्या दिवशी बायको बराच वेळ गप्प बसली होती.

ब्राह्मणपुरीहून केळी भरून सुरतेला निघालो होतो. नवापूरला तिचं माहेर. पहिलं बाळंतपण, सातवा महिना संपत आलेला, तिला वाटेत तिथे सोडायचं होतं. आमच्याकडे ट्रकमध्ये केळीचे घड पानांच्या थरावर रचतात. दोन महिने सुरतेचा व्यापारी माल काळा पडतो म्हणून ओरडत होता, आणि मी दर खेपेला पानांचा एकेक थर वाढवत होतो. ट्रकखाली वाकून पाहायचं डोक्यातही आलं नाही. त्या दिवशी बायकोच्या सीटवर दोन गोधड्या टाकल्या आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

"खड्डा मांगे ऱ्हायना, तरी गाडी उड्या मारी ऱ्हायनी," ती शेवटी म्हणाली.

"रस्ताच असा शे," मी खेकसलो. पण पुढच्या खड्ड्यानंतर मनात गाडीच्या उसळ्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. धड गाडी एकदा डुलते आणि बसते. तरी म्हटलं, नवापूर आता कितीसं लांब?

तेवढ्यात म्हैस आडवी आली. ब्रेक मारला तसं ट्रकचं नाक खाली गेलं, मागची चाकं उडत बाजूला सरकली आणि मोरीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी पोट धरून बसली.

"बाळ हालस का?" मी विचारलं.

"चूप," ती म्हणाली.

तिच्याकडे बघवेना म्हणून खाली उतरून वाकलो. शॉकपमधून तेल झिरपून त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. टायर जागोजागी खाल्लेलं. हे एका दिवसाचं काम नव्हतं. स्प्रिंगचे पाटे भक्कम होते, ते भार पेलत होते, म्हणून मी निर्धास्त. उसळी आवरणारं मात्र खाली काहीच उरलं नव्हतं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

वर येऊन बसलो. मग तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली आणि मला रडू फुटलं.

"सावकाश लई जासू तुले," मी म्हणालो.

तिने पिशवी उचलली, दार उघडलं. "मी एसटीमां जासू. तुम्ही पह्यले गाडी नीट करा."

बस आली तेव्हा तिला चढवायला मी हात पुढे केला. तिने बसचा दांडा धरला.