सासरे बाजाराला निघाले

आमच्या घरी फ्लेक्सच्या थैल्या बनतात. वरोऱ्यात कोणाचा वाढदिवस असला की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, आणि उतरला की माझा नवरा तो उचलून घरी आणतो. छपाई आत, पांढरी बाजू बाहेर. थैली उघडली की आतून एखादे गॉगलवाले भाऊ हात जोडून बघतात. गिऱ्हाइकाला भारी मजा वाटते.

कापायचा नियम सासूबाईंचा. फ्लेक्स उजेडाकडे धरायचा, चेहरा कुठे आहे ते बघायचं, तो थैलीच्या तळाला येऊ द्यायचा नाही. "कोनाच्या तोंडावर कांदे आदळाचे नाई," असं त्या म्हणतात. मग फ्लेक्स पालथा घालून कापायचा, कारण हसत्या माणसावर कात्री चालवायला हात धजत नाही.

लग्न होऊन मला तीनच महिने झाले होते. दिवाळीच्या साफसफाईचं अंगात वारं भरलेलं. पलंगाखाली एक फ्लेक्स घडी करून ठेवलेला सापडला. म्हटलं, नवरा विसरला असेल. उजेडाकडे धरून चेहरा तेवढा बघितला, अक्षरं वाचलीच नाहीत; पालथा घातला, कापला, शिवला. आतला माणूस खांद्यावर लाल गमछा टाकून असा खळखळून हसत होता, की बाजारात ती थैली मी सगळ्यांत वर मांडली. पहिली तीच विकली गेली. घरी येऊन मी फुशारकीही मारली.

दोन दिवसांनी सासूबाई पलंगाखाली वाकल्या. "माहा फ्लेक्स कुठी गेला वं?"

तो सासऱ्यांच्या तेरवीचा होता. ते मी या घरात येण्याआधीच गेलेले, मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. फोटो काढून घ्यायचा त्यांना भारी राग. पुतण्याच्या लग्नात कोणीतरी मोबाइलवर टिपलेला तो एकच, आणि तो मोबाइलही आता नव्हता. सासूबाईंकडे नवऱ्याचं तेवढंच तोंड उरलं होतं, आणि ते मी विकून आले होते!

सांगितलं तरी त्यांनी पलंगाखाली पुन्हा एकदा हात फिरवून बघितला. "तुह्या अकलेले वाळवी लागली होती काय?" एवढंच बोलल्या, आणि जेवल्या नाहीत. बापा, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बाजारात आम्ही दोघी दिसेल त्या पांढऱ्या थैलीत डोकं घालत फिरलो. "बाई, जराशी थैली उघडता काय?" एकीनं डोळे वटारले, "काऊन, चोरी झाली काय?" एका थैलीत भावी नगरसेवक निघाले, दुसरीत कोणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस. शेवटी भाजीवाल्यापाशी एक बाई भाव करत होती. तिच्या थैलीत मेथीच्या जुडीआडून लाल गमछा दिसला.

सासूबाईंनी थैली दोन्ही हातांनी फाकवली. सासरे हनुवटीपर्यंत मेथीत, आणि हसतायत.

त्या बाईला सगळं सांगितलं. ती बिचारी लगेच थैली रिकामी करायला लागली. "घेऊन जा बाई, तुमचा मानूस हाय." मी नवीन थैली पुढे केली. सासूबाई बघतच राहिल्या. डोळे भरून आले, आणि मग एकदम त्यांना हसू फुटलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "जिंदगीभर म्या म्हनलं, एक दिवस तरी थैली धरून बजारात चाला. कधी आले नाईत. आता फिरू द्या."

मी तिथेच मोबाइलवर फोटो काढला. तो आज आमच्या भिंतीवर आहे, मेथीसकट, आणि हारही त्यालाच पडतो.

ती बाई दर बाजाराला आमच्या दुकानाशी थांबते आणि थैली उघडून दाखवते. सासूबाई रोजचं विचारावं तसं आत बघून काहीबाही बोलतात. परवा थैलीत कारली होती. सासूबाईंनी चटकन हात घातला आणि एकेक करून सगळी बाहेर काढली.

"दुसऱ्या थैलीत घे वं बाई," त्या म्हणाल्या. "कारलं दिसलं का ते ताटावरून उठतात."