बलदियाच्या खोल्यांचा ईरण्णा

धाराशिवात गावाच्या कडेला बलदियाच्या खोल्या होत्या. नगरपालिकेला तेव्हा बलदियाच म्हणत. मातीच्या भिंती, वर मातीचं सपाट माळवद, अशा समोरासमोर दोन ओळी आणि मध्ये अंगण. प्लेगानं घरं सुटलेल्यांसाठी त्या कधीतरी बांधल्या होत्या, पुढं भाड्यानं दिल्या. शिंपी, हमाल, कचेरीतले पट्टेवाले असे लोक तिथं राहत. त्यांच्यावर बलदियानं एक जमादार नेमला होता. त्याचं नाव ईरण्णा.

ईरण्णा मूळचा अणदूरकडचा. घरात कानडी, दारात मराठी आणि कचेरीत मोडकीतोडकी उर्दू. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगानं उंच पण खांद्यात वाकलेला. सकाळी पूजा उरकली की तो अंगणातल्या लिंबाखाली उभा राहायचा आणि खड्या आवाजात भाडेकऱ्यांना बलदियाची खबर द्यायचा. आज आड उपसणार, पाणी भरून ठेवा. उद्या लस टोचायला डाक्टर येणार, लेकरं घरीच ठेवा. ज्याच्या माळवदाला गळती असेल त्यानं आत्ताच बोलावं, पाऊस आल्यावर बोंबलू नये. नुसतं सांगून तो थांबायचा नाही. वैशाखात पांढऱ्या मातीच्या गाड्या आणवायचा, धोतर खोचून स्वतः माळवदावर चढायचा आणि माती चोपून घ्यायचा. कचेरीचा हुकूम बदलेल, पण ईरण्णाचा शब्द बदलणार नाही, असं खोल्यांमधले लोक म्हणत. त्याची बायको सिद्धम्मा. दोघांना मूलबाळ नव्हतं. खोल्यांतल्या बाळंतिणींना कात-बोळ करून देण्यात ती आपला जीव रमवायची.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात बलदियाच्या मोठ्या अंमलदारानं ईरण्णाला बोलावून घेतलं. पूर्वेच्या ओळीतल्या कडेच्या खोल्या रिकाम्या कर, पाहुणे यायचेत, असं त्यानं सांगितलं. पाहुणे कोण ते सांगितलं नाही. मग पानाचा विडा तोंडात टाकत, सहज विचारल्यासारखं विचारलं, की या खोल्यांतलं कोण बार्शीच्या कॅम्पात जातं-येतं, कुणाचे भाऊबंद तिकडं आहेत, तुला ठाऊक असेलच. धाराशिव निजामाच्या राज्यात, तर बार्शी हद्दीपलीकडं, हिंदुस्थानात होती. तिथून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या टोळ्या येत आणि नाक्यांवर हल्ले करत, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. ईरण्णा म्हणाला, लोक निजायला घरी येतात सरकार, दिवसा कुठं जातात ते मला ठाऊक नाही. अंमलदार हसला. आठवून ठेव, म्हणाला, पुन्हा विचारीन.

ईरण्णा खोल्यांवर परतला. लिंबाखाली उभं राहून ही खबर ओरडायची त्याला छाती होईना. तो दारोदार गेला आणि हळू आवाजात सांगून आला.

अगदी कडेच्या खोलीत रामकिसन शिंपी राहत होता. बायको, तान्हं पोर आणि एक शिवणयंत्र एवढा त्याचा संसार. त्याचं लग्न त्याच खोलीत झालेलं, पोर तिथंच जन्मलेलं. ईरण्णाचं ऐकून त्यानं पायाखालचं यंत्र थांबवलं.

"पाव्हणे कोण हायत, अप्पा?"

"मला न्हाय सांगितलं."

"तुमाला न्हाय सांगितलं म्हंजी समजलंच की."

ईरण्णानं त्याला समोरच्या ओळीत जागा करून देतो म्हणून सांगितलं. रामकिसननं मान हलवली. दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गाडीत यंत्र घालून, वर पेंढ्या रचून तो बायकोपोरासह बार्शीकडं निघून गेला. जाताना किल्ली मात्र आठवणीनं सिद्धम्माच्या हातात दिली.

मग एकामागून एक कुलपं लागत गेली. कुणी लग्नाला म्हणून गेलं, कुणी माहेरी म्हणून. संध्याकाळी चुलींचा धूर दिसेनासा झाला. जिथं पाण्याला रांग लागायची तो आड नुसता पडून राहू लागला. अंगणात कुत्री येऊन झोपत आणि त्यांना हाकलायलाही कुणी नसे. सिद्धम्मा म्हणाली, आपणही गावाकडं जाऊ. ईरण्णा म्हणाला, एवढ्या किल्ल्या कुणाच्या हवाली करू?

एका दुपारी रझाकार आले. खांद्यावर बंदुका, हातात बरच्या. लिंबाखाली बसले, पाणी मागून प्याले. एवढी कुलपं कुणाची, असं त्यांच्यातल्या एकानं विचारलं. लोक लग्नाला गेलेत, ईरण्णा म्हणाला. अख्खी ओळच वऱ्हाडी झाली काय, म्हणत तो हसला आणि बंदुकीच्या दस्त्यानं जवळचं कुलूप ठोकू लागला. दार फुटलं. आत एक फुटका रांजण आणि देवाचा रिकामा कोनाडा होता. त्यानं ईरण्णाकडं बराच वेळ पाहिलं. ते बेंबळीच्या वाटेनं निघून गेले.

त्याच बाजूला रामकिसनचा धाकटा भाऊ महारुद्र शेतावर राहत होता. ज्वारीचं जमिनीतलं पेव उघडून द्यायला तो नाही म्हणाला, म्हणून त्याला खळ्यातच गोळी घातली. ही बातमी कुणी ओरडून सांगितली नाही. बाजारात माणसं एकमेकांच्या कानाला लागली, तेवढ्यावर ती गावभर झाली.

ईरण्णाला वाटत होतं, हेच ते पाहुणे. आता कडेच्या खोल्यांत यांचा तळ पडणार. पण मृगाच्या सुमाराला एक बैलगाडी आली, तिच्यातून एक म्हातारा, त्याची सून आणि दोन लेकरं उतरली. वऱ्हाडात दंगलीत त्यांचं घर जळालं होतं, म्हाताऱ्याचा मुलगा त्यातच गेला होता. निजामाच्या राज्यात जीव वाचेल म्हणून ते इकडं आले होते. म्हाताऱ्याचं नाव इनायतबाबा, सुनेचं जैनबी. बाबा चांगलं मराठी बोलायचा. रामकिसनच्या खोलीत शिरल्यावर त्यानं आढ्याला पाळण्याची कडी पाहिली, भिंतीवर लग्नातले हळदीचे हात पाहिले.

"हे घर कोणाचं होतं, भाऊ?"

"एका शिंप्याचं."

"तो कधी येईल परत?"

ईरण्णानं दाराचा अडसर नीट बसतो का ते पाहिलं आणि बाहेर आला.

पावसाळाभर ते कुटुंब तिथं राहिलं. जैनबी फारशी बाहेर येत नसे. सिद्धम्मा तिच्या लेकरांना हुलग्याचं कढण नेऊन द्यायची. अंमलदारानं ईरण्णाला दोनदा बोलावून पुन्हा तेच विचारलं आणि ईरण्णानं पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्याला कचेरीच्या ओट्यावर दिवसभर उन्हात उभं केलं. तेव्हापासून त्याचा एक पाय बधिर व्हायचा.

भाद्रपदात नळदुर्गाच्या बाजूनं तोफांचे आवाज आले. वर विमानं घिरट्या घालू लागली. अंमलदार कुणाला न सांगता निघून गेला. हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं, असं लोक रस्त्यात उघड बोलू लागले. फौज पुढच्या मुक्कामाला गेली. मधल्या दिवसांत गावाला कुणी धनी उरला नाही. खेड्यांकडून धूर दिसायचा, आणि रझाकारांवरचा राग आता कुणाच्या घरांवर निघतोय ते विचारावं लागत नव्हतं.

त्या दिवशी इनायतबाबाच्या धाकट्या नातवाला ताप भरला होता. हकिमाकडून पुडी आणतो म्हणून बाबा सकाळी बाहेर पडला. ईरण्णानं त्याला अडवलं होतं. पोर फार तापलंय, बाबा म्हणाला, आणि काठी टेकत निघून गेला. दुपार झाली तरी परतला नाही. तेवढ्यात वरच्या गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. ईरण्णानं जैनबीला लेकरांसह आत राहायला सांगितलं, बाहेरून बलदियाचं मोठं कुलूप घातलं आणि दारासमोर बाभळीच्या फांद्या ओढून टाकल्या. सिद्धम्मानं किल्ली पोलक्यात खोचली.

माणसं आली ती कुऱ्हाडी आणि गुप्त्या घेऊन. बरीच अनोळखी होती. पुढं रामकिसन होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. ईरण्णाला पाहून त्यानं कुऱ्हाड खाली घेतली, पण हातातून सोडली नाही.

"अप्पा, माझ्या खोलीत कोण हाय?"

"कुणी न्हाय. माळवद खचलंय. पावसानं तुळई मोडली. आत जाऊ नका, अंगावर येईल."

रामकिसन वर पाहत राहिला. त्या माळवदाखाली त्यानं संसार केला होता. उन्हाळ्यात ईरण्णाबरोबर त्यानंच त्यावर माती चोपली होती. भिंत सरळ होती, पन्हळी जागच्या जागी होत्या, तुळईचं टोक ताठ बाहेर आलेलं दिसत होतं. आतून एक बारीक आवाज आला, लेकरू कण्हल्यासारखा. आला आणि दाबला गेला. मागच्या माणसांनी ऐकला की नाही कोण जाणे. रामकिसननं ऐकला.

ईरण्णा दाराला पाठ लावून उभा होता.

"महारुद्राला खळ्यात मारलं, अप्पा," रामकिसन हळूच म्हणाला.

"ठाव हाय मला."

मागून कुणीतरी फांद्या ओढू लागला. रामकिसन वळला.

"खचलंय ते," तो म्हणाला. "म्या ऱ्हायलोय हितं, मला ठाव हाय. चला."

ती माणसं गेली. त्यांचे आवाज दुसऱ्या वस्तीकडं वळले आणि तिकडून किंकाळ्या ऐकू आल्या. ईरण्णा दारातून हलला नाही. सिद्धम्मानं त्याला पाणी तिथंच आणून दिलं.

इनायतबाबा दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला. औषधाची पुडी मुठीत विरघळून गेली होती. ईरण्णानं आणि गावातल्या एका हमालानं त्याला ओढ्याच्या काठी पुरलं. त्या मातीवर काय म्हणायचं असतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. फौजेची गाडी आल्यावर जैनबी आणि लेकरं तिच्यात बसून हैदराबादच्या छावणीकडं गेली. बाबा कुठं आहेत ते ईरण्णानं तिला नीट सांगितलं. तिनं ऐकून मान हलवली. पुढं त्यांचा काही ठावठिकाणा लागला नाही.

खोल्या पुन्हा भरल्या. रामकिसन परतला, पण त्यानं समोरच्या ओळीत खोली मागितली. ईरण्णानं कारण विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. अंगणात समोरासमोर येत, पावसापाण्याचं बोलत, आपापल्या वाटेनं जात. वर्षा-दोन वर्षांनी ईरण्णाचा पाय अगदीच गेला, तेव्हा तो नोकरी सोडून सिद्धम्मासह गावाकडं गेला. तिथंच तो वारला.

त्याला समाधी द्यायला धाराशिवाहून एकटा रामकिसन आला होता. माती देऊन झाल्यावर लोक चिंचेखाली बसले, तेव्हा त्या दुपारची ही गोष्ट त्यानंच पहिल्यांदा सांगितली. सिद्धम्मा मान खाली घालून ऐकत होती. भावाचा खून झालेला असताना तू मागं का फिरलास, असं कुणीतरी त्याला विचारलं.

"मला न्हाय ठाव," रामकिसन म्हणाला, आणि अंगावरची माती झटकत उठला. धाराशिवाची शेवटची मोटार त्याला गाठायची होती.